दहा लाखांचा बाप

भाच्याने परवा मोटार घेतली. पेढे घेऊन आला, आम्हा दोघांच्या पाया पडला, आणि मग तासभर बोलला तो मोटारीबद्दल नव्हे, मोटारीच्या नंबराबद्दल. इंजिन केवढं, लिटरला किती चालते, मागच्या सीटवर माझ्यासारख्या मामाचे गुडघे मावतात की नाही, यातल्या एकाही गोष्टीचा त्याला पत्ता नव्हता. नंबराची मात्र कुळकथा तोंडपाठ.

झालं होतं असं, की चालू मालिकेत तुमच्या वाट्याला ४९६६ येईल, असं एजंटाने त्याला सांगितलं. भाच्याने ते चिठ्ठीवर लिहून घेतलं आणि तडक एका अंकशास्त्र्यांकडे गेला. (हे गृहस्थ वातानुकूलित खोलीत बसतात आणि आधी वेळ ठरवल्याशिवाय भेटत नाहीत. आमच्या लहानपणी भविष्य सांगणारा पिंगळा पहाटे स्वतः दारात यायचा आणि पसाभर तांदळावर खूश असायचा. प्रगती म्हणतात ती हीच असावी.) अंकशास्त्र्यांनी चिठ्ठी पाहिली आणि चेहरा पाडला. चार न् नऊ तेरा, तेरा न् सहा एकोणीस, एकोणीस न् सहा पंचवीस. दोन न् पाच सात. सात म्हणजे केतू! गाडी रस्त्यावर कमी आणि गॅरेजात जास्त राहणार. भाच्याची जन्मतारीख अठरा, म्हणजे एक न् आठ नऊ, म्हणजे मंगळ. तेव्हा नंबर नवाचाच हवा. पसंतीच्या नंबरासाठी सरकारने रीतसर फी ठेवलेली आहेच. ती भरून भाच्याने २३२२ मिळवला. अंकशास्त्र्यांची सल्ल्याची फी वेगळी. रुपये दहा हजार फक्त.

"दहा हजार?" मी म्हटलं. "अरे, एकावर चार शून्यं. अंकांची बेरीज किती झाली?"

"एक."

"आणि एका रुपयाची?"

"एकच की, मामा."

"दोन्हीकडे सूर्यच ना? मग त्यांच्या हातावर एक रुपया ठेवायचा होतास."

भाचा हसला. त्याला तो विनोद वाटला. हिने मात्र मला डोळ्यांनी दटावलं. "अहो, पोरगा हौसेने पेढे घेऊन आलाय. खा आणि गप्प बसा." मी खाल्ला. पण पेढ्याने फक्त तोंड बंद होतं. गेले आठ दिवस मी मनातल्या मनात त्या अंकशास्त्र्यांशी भांडतो आहे, आणि माणसाने एकट्याने किती दिवस भांडायचं?

आता भांडण सुरू करण्याआधी स्वतःचं पाप कबूल करून टाकतो, नाही तर हिने हा लेख वाचल्यावर ती ते करीलच. महाराष्ट्र राज्य लॉटरी १९६९ साली निघाली. पुढे कित्येक वर्षं मी दर महिन्याला तिकीट घेत असे, आणि घेताना विक्रेत्यापुढची चळत उपसून अंकांची बेरीज सात येणारंच तिकीट निवडत असे. सात का, ते विचारू नका. एवढ्या तपश्चर्येचं फळ म्हणून एकदा पाच रुपये लागले. ते आणायला जाण्यायेण्याचा खर्च तीन रुपये आला. तेव्हा अंकांची बेरीज करून नशीब काढण्याच्या धंद्याची मला माहिती नाही, असं कुणी म्हणू नये. मी त्यात भांडवल घातलेलं आहे.

मला राग आहे तो या बेरजेचं जे करून ठेवलं आहे त्याचा. कारण ही बेरीज आमच्या घरातली आहे. शाळेत गुणाकार झाला की मास्तर विचारायचे, "ताळा पाहिला का?" नवाचा ताळा. गुण्याच्या अंकांची बेरीज करा, एक अंक उरेपर्यंत. गुणकाचीही तशीच. दोन्हींचा गुणाकार करून पुन्हा बेरीज. आलेल्या उत्तराच्या अंकांची बेरीज तिच्याशी जुळली तर ठीक, नाही तर हात पुढे. वाण्याचा मुनीमही हेच करायचा. त्यात ना केतू होता ना मंगळ. छडी तेवढी होती.

आणि हा ताळा चालतो का, तेही सरळ आहे. समजा, तुमच्यापुढे दहाची एक नोट आहे. तीतून नऊ रुपये काढून घेतले, उरला एक. शंभराच्या नोटेतून नव्व्याण्णव काढले, उरला एक. हजाराच्या रकमेतून नऊशे नव्व्याण्णव काढले, तरी उरला एकच. जे काढलं ते सगळं नवाच्या पाढ्यातलं. म्हणजे ४९६६ मध्ये चार हजार आहेत, त्यांचे उरले चार. नऊ शतकांचे नऊ, सहा दशकांचे सहा, आणि सुटे सहा. तीच अंकांची बेरीज. ती पुन्हा पुन्हा करत गेलात की अखेर हातात येतं ते काय? मूळ संख्येला नवाने भागून उरलेली बाकी. बाकी शून्य आली तर नऊ म्हणायचं. बस्स! ज्याला दहा हजार रुपये देऊन 'मूलांक' म्हणतात, ती चौथीतल्या भागाकाराची बाकी आहे. भाच्याला हे समजावून सांगितलं, तर तो म्हणाला, "असेल, पण त्यामागे काहीतरी सायन्स असणार." सायन्स मी आत्ताच सांगितलं होतं. पण फुकट सांगितलं ना!

बाकी म्हटल्या तर नऊच. २०११च्या जनगणनेत महाराष्ट्राची लोकसंख्या ११ कोटी २३ लाखांवर होती. एवढी माणसं नऊ खोल्यांत समान वाटली, तर एकेका खोलीत जवळजवळ सव्वा कोटी. या सव्वा कोटींचा स्वभाव, विवाहयोग, पोटाचे विकार आणि शुभरंग एकच. आमच्या घरात आम्ही दोघं माणसं, पण आमटीत गूळ किती यावर चाळीस वर्षांत एकमत झालेलं नाही.

बरं, हेही सोडून देऊ. माझा खरा आक्षेप निराळा आहे. एकाची बेरीज एक. दहाची एक. शंभर, हजार, लाख, दहा लाख, कोटी, सगळ्यांची एक. अंकशास्त्राच्या डोळ्यांना एक आणि एक कोटी यांत काडीचा फरक दिसत नाही. संख्यांचं शास्त्र म्हणून पाटी लावायची आणि दृष्टी इतकी अधू! (फी घेताना मात्र ती ठणठणीत होते.)

आणि याच बेरजेतून, याच महाराष्ट्रात, एका माणसाने काय काय बाहेर काढलं होतं!

दत्तात्रेय रामचंद्र कापरेकर हे नाव थोड्याजणांना ६१७४ मुळे माहीत असतं. चार आकडी कुठलीही संख्या घ्या, सगळे अंक सारखे तेवढे नकोत. अंक मोठ्याकडून लहानाकडे मांडा, मग उलटे मांडा, वजाबाकी करा, पुन्हा तेच करा. फार तर सात खेपांत ६१७४ वर येऊन थांबता. हे पुष्कळांनी करून पाहिलेलं असतं, म्हणून मी त्यात शिरत नाही. कापरेकर १९०५ साली डहाणूला जन्मले, पुण्याला फर्ग्युसनमध्ये शिकले, आणि १९३० पासून १९६२ साली निवृत्त होईपर्यंत नाशिकजवळच्या देवळालीला शाळामास्तर होते. विद्यापीठ नाही, प्रयोगशाळा नाही, हाताखाली कुणी नाही. पेन्सिल आणि कागद. जे सापडेल त्याच्या लहानलहान पुस्तिका पदरचे पैसे घालून छापायचे. नावं ठेवण्यातही माणूस दिलदार. मुंबईपासून तीसेक मैलांवरच्या ज्या रेल्वे स्टेशनावर एक कल्पना सुचली, त्या स्टेशनाचं नाव त्या जातीच्या संख्यांना देऊन टाकलं, डेम्लो संख्या! लोकलची वाट पाहताना आपल्याला काय सुचतं ते आठवून पाहा.

या कापरेकरांनीही अंकांची बेरीजच केली. पण केल्यावर ते थांबले नाहीत. ती बेरीज त्यांनी परत मूळ संख्येत मिळवली. २३ घ्या. दोन न् तीन पाच. २३ अधिक ५, अठ्ठावीस. तेव्हा २३ हा २८चा जनक. मी घरच्या भाषेत बाप म्हणतो. २८चं पुन्हा तसंच केलं की ३८, मग ४९, मग ६२, असा वंश चालू. काही संख्यांना तर दोन दोन बाप असतात. १०१ घ्या. ९१ अधिक १० म्हणजे १०१, आणि १०० अधिक १ म्हणजेही १०१. जगात काय नसतं!

आणि काही संख्यांना बापच नसतो. कुठल्याही संख्येत तिच्या अंकांची बेरीज मिळवून त्या येत नाहीत. २० घ्या आणि करून पाहा. ३१, ४२, ५३, ६४ यांचंही तेच. शंभरापर्यंत अशा तेरा आहेत. आपल्याकडे शेंदूर फासलेल्या अशा देवाला स्वयंभू म्हणतात. या स्वयंभू संख्यांवर कापरेकर १९४९ पासून लिहीत होते. पुढे १९७४ साली कोलंबिया देशातल्या एका गणितज्ञाने हाच प्रश्न अमेरिकेतल्या मासिकात विचारला, आणि काही पुस्तकांत त्यांचं नाव पडलं कोलंबियन संख्या. देवळालीची पोर कोलंबियाला दत्तक गेली, आणि इथे कुणाला पत्ताही लागला नाही. काही ठिकाणी त्यांना देवळाली संख्या म्हणतात, हीच काय ती माहेरची आठवण.

आता अंकशास्त्र्यांना जो फरक दिसत नाही तो पाहू. एक लाखाला बाप आहे का? आहे. ९९,९५९. अंकांची बेरीज एकेचाळीस, मिळवा, बरोबर एक लाख. कोटीला? आहे. ९९,९९,९५०. बेरीज पन्नास. ठीक. आता दहा लाख.

हे जरा सावकाश करू, कारण यातच गंमत आहे. दहा लाखांचा बाप दहा लाखांहून लहान हवा, म्हणजे फार तर सहा आकडी. सहा अंकांची बेरीज जास्तीत जास्त सहा नवे चोपन्न. म्हणजे बाप असलाच तर तो दहा लाखांच्या मागे चोपन्न घरांच्या आतच कुठेतरी राहतो. त्या आळीतल्या सगळ्या पत्त्यांची सुरुवात एकच, ९९९९. या चार नवांची बेरीज छत्तीस. तेव्हा ९,९९,९०० आणि ३६ मिळून ९,९९,९३६ पर्यंत आपण बसल्याजागी आलो. कमी पडतात चौसष्ट. ते भरायचे शेवटच्या दोन अंकांनी. दशकाच्या घरातला अंक एकाने वाढवला की संख्या दहाने वाढते आणि बेरीज एकाने, मिळून अकरा. एककाच्या घरातला वाढवला की एक न् एक दोन. म्हणजे काही अकरा आणि काही दोन घेऊन चौसष्ट करायचे. चौसष्ट सम आहेत, तेव्हा अकराही समच घ्यायला हवेत. एकही अकरा घेतला नाही, तर एककात बत्तीस हवेत. तिथे नवाच्या वर काही मावत नाही. दोन घेतले तर एकवीस हवेत. चार घेतले, चव्वेचाळीस झाले, उरले वीस, म्हणजे एककात हवेत दहा. दहा! एका पावलाने हुकलं. सहा अकरा घेतले तर सहासष्ट, गाव मागे राहिलं. संपलं. आळी पालथी घातली, बाप नाही.

लाखाला बाप, कोटीला बाप, आणि मधले दहा लाख स्वयंभू. मी हे पहिल्यांदा केलं ते एका लग्नपत्रिकेच्या मागच्या कोऱ्या बाजूवर, आणि झाल्यावर उठून खोलीत दोन फेऱ्या मारल्या. हिने विचारलं, "काय झालं?" म्हटलं, "दहा लाखांना बाप नाही." ती म्हणाली, "असता तर आपल्याकडे कशाला आला असता!"

पुढे माझी भूक वाढली. दहाचे मोठमोठे घात घेऊन मी बाप शोधत सुटलो. दहा कोटींचा सापडला. अब्जाचा सापडला. भास्कराचार्यांनी बाराव्या शतकात लीलावतीत दिलेली ती नावं, खर्व, निखर्व, महापद्म, शंकू, जलधी, अंत्य, एकेकाच्या दारावर थाप मारत गेलो. सगळे बापाचे निघाले. आणि एकावर सोळा शून्यांपाशी अडलो.

१०,००,००,००,००,००,००,०००. लीलावतीतलं याचं नाव मध्य. याच्या मागची आळी एकशे चव्वेचाळीस घरांची. तिथेही तसाच हिशेब केला. पहिले तेरा अंक नऊच. चौदावा नऊ ठेवला तर मजल पुढे जाते, सात ठेवला तर पुरत नाही, म्हणून आठ. मग शेवटच्या दोन अंकांनी भरायचे पंचाहत्तर. विषम आहेत, तेव्हा अकराही विषम घ्यायचे. एक घेतला तर एककात बत्तीस, तीन घेतले तर एकवीस, पाच घेतले तर दहा. पुन्हा तोच दहा! सात घेतले तर सत्त्याहत्तर, पुढे गेलो. म्हणजे दहा लाखांनंतर दहाच्या घातांत थेट हा मध्यच स्वयंभू. त्याच्या पुढचा परार्ध, जो पूजेच्या संकल्पात आपण डोळे मिटून म्हणतो, त्यालासुद्धा बाप आहे. ज्या संख्येइतके रुपये कुणी एका जागी पाहिले नसतील, तिच्या घरातली ही गोष्ट मला, निवृत्त कारकुनाला, लग्नपत्रिकेच्या पाठीवर कळते. आणि मला ती कळली याला कुणाची साक्ष लागत नाही. तुम्ही करून पाहा. माझं चुकलं असेल तर अर्ध्या तासात माझा कान धरता येईल. अंकशास्त्र्यांचा कान असा धरता येतो का? गाडी बंद पडली तर नवाचं वाईट फळ, नाही पडली तर नवाचं चांगलं फळ. अपघात झाला तर जीव वाचला हे मंगळाचे उपकार.

आमच्या सोसायटीत गणिताचे एक निवृत्त प्राध्यापक राहतात. हा सगळा उत्साह मी त्यांच्यापुढे ओतला. त्यांनी चष्मा काढला, पुसला, परत लावला. म्हणाले, "हे गणित नव्हे हो. हा अंकांचा खेळ. आपण दहाच्या पटीत मोजतो म्हणून असं होतं. आठाच्या पटीत मोजलं असतं तर तुमचे दहा लाख कुठे गेले असते?" शिवाय त्यांनी हार्डी काढला. हार्डी म्हणजे ज्याने रामानुजनला केंब्रिजला बोलावलं तो. त्याने १९४० सालच्या आपल्या पुस्तकात ८७१२ आणि ९८०१ यांचं उदाहरण दिलं आहे. पहिली तिच्या उलट्या रूपाच्या चौपट, दुसरी नऊपट. चार आकड्यांत या दोनच अशा. आणि हे कोड्यांच्या सदराला ठीक, खऱ्या गणितज्ञाला यात रस घेण्यासारखं काही नाही, असं तो म्हणतो.

प्राध्यापकांचा आक्षेप खोटा नाही. मूळसंख्येचं मूळसंख्यापण कुठल्याही पटीत मोजलं तरी टिकतं. स्वयंभूपण टिकत नाही. ते आपल्या दहा बोटांचं आहे. मान्य. पण माझी बोटं दहाच आहेत! गावातली ओढ्याची वाट पृथ्वीच्या गोलावर दिसत नाही म्हणून ती वाट नव्हे, असं कुणी म्हणत नाही. आणि पोराने आधी ओढ्यापर्यंत जायचं की एकदम अटलांटिक महासागर?

माझं भांडण खरं म्हणजे इथे आहे. कापरेकर हयात असताना आपल्याकडच्या पुष्कळ विद्वानांना त्यांचं काम पोरखेळ वाटे. मार्च १९७५ मध्ये मार्टिन गार्डनरने अमेरिकेच्या 'सायंटिफिक अमेरिकन'मधल्या आपल्या सदरात त्यांच्यावर लिहिलं, तेव्हा कुठे जगाला नाव कळलं. कापरेकर तेव्हा सत्तर वर्षांचे होते. १९८६ साली ते गेले. अंकांची बेरीज ही जमीन हलकी, आपल्या इभ्रतीला शोभत नाही, म्हणून पंडितांनी ती पडीक टाकली. पडीक जमीन रिकामी थोडीच राहते? तिथे अंकशास्त्र्यांनी बंगले बांधले. सातबारा कापरेकरांचा, वहिवाट त्यांची! प्राध्यापक महाशय अंकशास्त्र्यांवर चकार शब्द काढत नाहीत, कारण ते 'आपलं क्षेत्र नव्हे'. कापरेकरांवर मात्र बोलतात. (त्यांच्या सुनेने नावाच्या इंग्रजी स्पेलिंगात नुकताच एक जादा 'ए' घातला आहे. दारावरच्या पाटीवर मी तो रोज पाहतो.)

एक गोष्ट मात्र न सांगता पुढे गेलो तर तो अप्रामाणिकपणा होईल. कापरेकरांचे वडील कारकून होते आणि त्यांना फलज्योतिषाचा फार नाद होता. आई आठव्या वर्षीच गेली. मुलाला वडिलांनीच वाढवलं, आणि आकडेमोडीची गोडी त्याला घरातूनच लागली असं सांगतात. म्हणजे ज्या संख्याशास्त्राची मी इथे आरती करतो आहे त्याचा बाप, घरच्या भाषेत, ज्योतिषी! भाच्याला हे कळलं तर तो माझं जगणं मुश्कील करील. माझं म्हणणं एवढंच, की पत्रिका मांडणाऱ्याला हात मोडून गणित करावं लागे. ग्रहांचे अंश, कला, घटका, पळं यांची बेरीज-वजाबाकी चुकली की कुंडली चुकली. त्या घरात वाढलेल्या पोराला ग्रह सोडून आकडे तेवढे उचलता आले. आजच्या अंकशास्त्र्यांच्या घरात पोराने उचलावं काय? नवापर्यंतची बेरीज.

तर मी भाच्याला फोन केला. म्हटलं, "तुझा तो सोडून दिलेला ४९६६ मी तपासला. स्वयंभू निघाला. तेच एककात दहा हवेत." पलीकडे शांतता. मग हळूच आवाज आला, "मामा, स्वयंभू म्हणजे शुभ ना?"

मी कपाळावर हात मारला. म्हटलं, शुभ नाही, अशुभ नाही, स्वयंभू आहे, एवढंच आहे.

"आणि माझ्या २३२२चं काय?"

२३२२ला नवाने नि:शेष भाग जातो, २५८ येतात. जिला तिच्या स्वतःच्या अंकांच्या बेरजेने भाग जातो, त्या संख्येला कापरेकरांनीच नाव दिलेलं आहे, हर्षद. आनंद देणारी. हे मी सांगायला नको होतं. "बघा!" भाचा ओरडला, "म्हणजे ते बरोबरच होते!" बेरीज नऊ असलेली कुठलीही संख्या हर्षदच असते, आणि हा आनंद कागदावरचा आहे, क्लचप्लेटवरचा नव्हे, हे मी म्हणेपर्यंत त्याने फोन ठेवला होता.

गेल्या रविवारी तो आम्हाला नव्या गाडीतून फिरायला घेऊन गेला. (गुडघे मावत नाहीत.) टोलनाक्याशी लांबलचक रांग होती. त्याची सहावीतली मुलगी माझ्या शेजारी बसून पुढच्यामागच्या गाड्यांचे नंबर वाचत होती. वेळ जावा म्हणून मी तिला बापाचा खेळ शिकवला. दोन गाड्यांत तिला तो आला, आणि तिसरीत तिने माझी चूक काढली. मग ती म्हणाली, "आपल्या गाडीचा करू?" पुढे स्टीअरिंगवर बसलेल्या भाच्याने आरसा किंचित आमच्याकडे वळवला. आपण ऐकत नाही असं दाखवायचा हा त्याचा प्रकार.

तिने तळहातावर बॉलपेनने हिशेब मांडला. "सापडला! २३१३. बेरीज नऊ. २३२२!"

"आणि २३१३चा?" हा प्रश्न पुढच्या सीटवरून आला.

यावेळी तिला जरा वेळ लागला. गाडी चार हात पुढे सरकली. "२३०४," ती म्हणाली, आणि पुन्हा तळहाताकडे बघत राहिली. "थांबा, थांबा. २२९५ पण! बेरीज अठरा. आजोबा, याला दोन आहेत!"

"दोन?" भाच्याने मान वळवली. मागच्या गाडीने हॉर्न दिला. "दोन म्हणजे काय? हे चांगलं की वाईट, मामा?"

मी काही बोलणार तोच पोरगी म्हणाली, "अहो बाबा, बाप नाही. २३१३ बाप, आणि हे दोन आजोबा. मलापण दोन आजोबा आहेत. तुम्ही गाडी पुढे घ्या ना!"